मागे राहिलेले मूल : ओळख आणि आधार

(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त संस्थानच्या अग्रशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



उत्सवाच्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, देवस्थानचा इतिहास, कुलाचार असे विषय झाले. या मालिकेत एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाला बोलावण्यात आले आणि त्याने लहान मुलांच्या शिक्षणातील अडचणींवर बोलण्याची परवानगी मागितली, तेव्हा समितीतील काहींना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. परंतु पंचतंत्राचा आरंभ आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. अमरशक्ती राजाचे तिन्ही पुत्र विद्येला विन्मुख होते आणि विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याचे वचन दिले, ही ती कथा. तिचा मथितार्थ मला असा वाटतो की, विष्णुशर्म्याने राजपुत्र बदलले नाहीत, शिकविण्याची रीत बदलली. जी रीत दरबारातील पंडितांना चालली ती या मुलांना चालत नव्हती, एवढे त्याने ओळखले. माझ्या आजच्या विषयाचे सारे मर्म या ओळखण्यात आहे. आणि ते ओळखण्यात मी स्वतः एकदा कसा चुकलो, ते सांगूनच पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

१९८५ सालची गोष्ट. दुसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. दिसायला चुणचुणीत, हिशेबात बरा. पण श्रुतलेखन घातले की त्याची पाटी चुकांनी भरून जाई. 'घडा' सांगितले तर 'गडा' लिही, 'पाट' सांगितले तर 'पात'. हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नसे. मी त्याला हट्टी ठरविले, लक्ष नसलेला ठरविले आणि शिक्षा म्हणून शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी बसविले. हातावर पट्टीही मारली. वर्षअखेर तो नापास झाला. त्याची आई म्हणाली, "मास्तर, घरी पण असाच करतो. याच्या डोक्यातच काही शिरत नाही." मी मान डोलावली.

पुढल्या चतुर्थीला आरतीच्या वेळी घुमट वाजविणारे एक वयस्क गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ह्या पोराला ऐकू कमी येते काय? माझा हात दिसला की टाळी बरोबर पडते. पाठ वळली की चुकते." शाळेची पायरी फारशी न चढलेल्या त्या माणसाने आरतीच्या एका रात्रीत जे पाहिले, ते मला वर्षभरात दिसले नव्हते. डॉक्टरांनी तपासले, तेव्हा मुलाच्या दोन्ही कानांचे पडदे फाटलेले निघाले. लहानपणापासून त्याचे कान वाहत असत आणि घरची मंडळी कापसाचा बोळा घालून स्वस्थ राहत. 'घ' आणि 'ग', 'ट' आणि 'त' यांतला भेद त्याच्या कानांपर्यंत पोचतच नव्हता, आणि मी त्याला शिक्षा म्हणून आणखी दूर बसविले होते.

हा दोष मी कोणावर ढकलीत नाही, तो माझाच आहे. परंतु तेव्हापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतला. मूल शिकत नसेल, तर 'हे मूल असे का' हा प्रश्न आधी विचारायचा आणि 'हे मूल कसे आहे' याचा निकाल नंतर द्यायचा.

आता विषयाच्या व्याप्तीकडे वळू. ज्या मुलाला इतर मुलांच्या रीतीने, त्यांच्या गतीने व त्याच साधनांनी शिकणे जड जाते आणि ज्याला निराळे साहाय्य दिल्यास शिकता येते, त्या मुलाच्या शैक्षणिक गरजा विशेष आहेत असे आपण म्हणतो. हे कारण कधी कानांत असते, कधी डोळ्यांत, कधी स्नायूंत, कधी वाचेत; कधी एकूण बौद्धिक वाढीचा वेग मंद असतो; कधी स्वमग्नतेमुळे इतरांशी संपर्क साधणेच कठीण जाते; कधी चित्त एका जागी ठरत नाही; तर कधी बुद्धी उत्तम असूनही अक्षर तेवढे वश होत नाही. आपल्या देशात १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा स्पष्ट समावेश केला. जी मुले पूर्वी केवळ 'ढ' म्हणून ओळखली जात, त्यांतील कित्येकांना या कायद्याने नाव दिले, आणि नावाबरोबर हक्कही दिला.

हे ओळखावे केव्हा? शक्य तितके लवकर. बालकाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत ज्या वेगाने घडतो, तो वेग पुढे कधीही परत येत नाही. म्हणून पाळण्यातल्या मुलाकडेही जाणत्या नजरेने पाहावे. दोन-तीन महिन्यांचे मूल आईच्या मुखाकडे पाहून हसू लागते. सहा महिन्यांच्या सुमारास आवाजाच्या दिशेने मान वळविते. वर्षाचे होता होता बोबडे ध्वनी काढते, नावाने हाक मारल्यास वळून पाहते, हात हलवून निरोप देते. दीड वर्षापर्यंत चालू लागते, हवी ती वस्तू बोटाने दाखविते आणि काही शब्द बोलते. दोन वर्षांचे झाले की दोन शब्द स्वतः जोडून आपली इच्छा सांगते. चार-दोन आठवड्यांच्या फरकाने घाबरून जाऊ नये. प्रत्येक मुलाची चाल निराळी असते. परंतु वर्षाचे मूल बोबडे बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचे मूल शब्द जोडीत नसेल, किंवा आलेले बोलणे एकाएकी मागे जात असेल, तर वाट पाहणे धोक्याचे आहे.

आपल्या घरांतून यावर एक ठरलेले उत्तर मिळते : "याचा बाप पण उशिराच बोलला होता." आजीच्या या वाक्यामागे माया असते आणि कधी कधी ते खरेही ठरते. पण तपासणी करून ते खरे ठरले तर कोणाचेच काही बिघडत नाही. तपासणी न करता ते खोटे ठरले, तर मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे गेलेली असतात.

कानांचे उदाहरण घेऊ. नवजात अर्भकाची श्रवणचाचणी आज त्याला कोणतीही इजा न होता, ते झोपेत असतानाच करता येते. जन्मानंतर एका महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निश्चित निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारास आरंभ, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला वेळेवर श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट मिळाले आणि त्यानंतर नेटाने वाचाशिक्षण झाले, तर ते बोलू शकते. मूल मुके असते ते बहुधा घशातील दोषामुळे नव्हे. भाषा त्याच्या कानी पडलेली नसते म्हणून. येथे आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक समाजांत आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात विवाह झाल्यास आनुवंशिक बहिरेपणासारखे काही दोष संततीत उतरण्याचा संभव वाढतो. ज्या कुळात असा दोष पूर्वी दिसला असेल, त्यांनी पत्रिकेबरोबर वैद्याचाही सल्ला घ्यावा.

डोळ्यांचेही तसेच. मूल पुस्तक नाकाला लावते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवते, किंवा त्याचा एक डोळा तिरळा दिसतो. 'तिरळेपणा म्हणजे भाग्य' अशा समजुतीवर विसंबून राहू नये. ज्या डोळ्याचा वापर होत नाही त्याची दृष्टी मेंदू हळूहळू सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास ती बहुतांशी वाचविता येते, पुढे ते कठीण होते.

आता शाळेतील मुलाकडे येतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान, गणितात चांगला, पण साधे शब्द वाचता येत नसत. शिक्षण जर केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. आज याला आपण वाचन अक्षमता किंवा डिसलेक्सिया म्हणतो. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा शब्द घरोघर पोचविला. परंतु त्यातील मुलासारखी चित्रकला प्रत्येक अशा मुलाच्या बोटांत असेलच, असे मात्र मानू नये.

आपल्या देवनागरीत ही अडचण कशी दिसते, हे शिक्षकांनी व पालकांनी जाणून घेतले पाहिजे. आपली लिपी उच्चारानुसारी असल्याने ती सोपी, असे आपण म्हणतो. पण मुलाच्या दृष्टीने पाहा. 'कि' या अक्षरात 'क' आधी उच्चारायचा, वेलांटी मात्र आधी काढायची. 'धर्म' म्हणताना 'र' हा 'म' च्या आधी येतो, पण लिहिताना तो 'म' च्या डोक्यावर चढतो. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, ब आणि व यांत रेघेगाठीचाच काय तो फरक. त्यावर जोडाक्षरे. पाच वर्षांचे मूल यांत गोंधळले तर ते स्वाभाविक आहे. परंतु दुसरी-तिसरी उलटूनही तोच गोंधळ टिकत असेल, तोंडी उत्तर बिनचूक आणि लेखी कोरे असेल, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला जात असेल, तर तो आळस नव्हे.

गोव्यात आणि सीमाभागात आणखी एक गुंता आहे. घरी कोंकणी किंवा कानडी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी, असा आपल्या मुलांचा प्रवास. नवी भाषा शिकताना मूल काही काळ अडखळते. त्याला अक्षमता समजू नये. उलट, खरी अक्षमता असताना 'भाषा बदलली म्हणून असे होते' असे म्हणून ती झाकूही नये. खूण अशी की, केवळ भाषेची अडचण असलेले मूल आपल्या घरच्या बोलीत गोष्ट नीट सांगते, सूचना समजते, खेळात इतरांबरोबर असते. ज्याला वाढीचीच अडचण आहे, त्याची अडचण घरच्या बोलीतही दिसते. आणि कोणी 'घरची भाषा सोडा, म्हणजे मूल बोलेल' असा सल्ला दिला तर तो मानू नये. आईच्या भाषेत मूल समृद्ध झाले, तर दुसऱ्या भाषेचे दार त्याला अधिक सहज उघडते.

बुद्धिमापनाविषयी दोन शब्द बोलतो. १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसच्या शाळांसाठी पहिली कसोटी तयार केली, ती मुलांना शाळेबाहेर काढण्यासाठी नव्हे. कोणाला जादा मदत हवी हे कळावे म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी त्या कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत कसोटी हे नाव आजही दवाखान्यांत ऐकू येते. या कसोटीचा आकडा म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. उपाय कोठून आरंभावा, एवढेच तो सांगतो.

मग उपाय कोणते? सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करावी आणि दोष आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. पथक आले त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. कायद्याने निश्चित केलेल्या प्रमाणात, म्हणजे चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचाही त्यात उल्लेख आहे. या सवलतींना 'कृपा' समजू नये. चष्मा लावून परीक्षेला बसणाऱ्यावर जशी कोणी कृपा करीत नाही, तद्वतच हे आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणतः आठव्या वर्षाच्या सुमारास मिळू शकते. पण मदत प्रमाणपत्रासाठी थांबवून ठेवू नये.

घरी व वर्गात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास पैसा फारसा लागत नाही. मुलाला पुढच्या रांगेत बसवा. एका वेळी एकच सूचना द्या, आणि ती समोर उभे राहून द्या. मोठे काम लहान तुकड्यांत द्या. शब्दातील ध्वनी टाळीवर मोजायला शिकवा. अक्षर डोळ्यांनी पाहावे, तोंडाने म्हणावे आणि बोटाने गिरवावे, अशी अनेक इंद्रियांची रीत या मुलांना मानवते. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. मॉन्टेसोरीबाईंनी वाळूच्या कागदाची अक्षरे केली. ताटात तांदूळ पसरून आजी नातवाला हेच शिकवू शकते. स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा आणि तो चित्रांनी दाखवा. मुख्य म्हणजे, जे मुलाला येते ते रोज एकदा त्याला करू द्या. सतत हरणाऱ्याला शिकण्याची इच्छा उरत नाही. आणि मारू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे निषिद्ध केले आहे. पण कायदा नसता तरी माझा अनुभव हेच सांगतो.

महाजनहो, आता थोडे कठीण बोलतो. या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी आडकाठी अज्ञानाची नसून लाजेची असते. मूल जत्रेला आणले जात नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवले जाते. कारण मोठ्या बहिणीचे लग्न जमावयाचे असते. आईला विचारले जाते, "तू गरोदरपणी काय खाल्लेस? ग्रहण पाळलेस की नाही?" १९४३ साली लिओ कॅनर यांनी बालपणातील स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यानंतर पाश्चात्त्य देशांतही कित्येक वर्षे आईच्या थंडपणाला दोष देण्यात येत होता. पुढील संशोधनाने ते मत साफ खोटे ठरविले. आज आपण त्या मातेला दोष देऊ, तर टाकून दिलेली चूक आपण पुन्हा उचलली असे होईल.

देवापुढे कौल घ्यावयास माझा विरोध नाही. मीही घेतो. नवसही बोलावा. परंतु कौल मिळाला म्हणजे तपासणीची गरज संपली, असे देवाने कोणास सांगितलेले नाही. उजवा प्रसाद झाला तर तो डॉक्टरकडे जाण्यासाठी धीर देणारा प्रसाद आहे, असे समजावे.

समितीपुढे चार सूचना ठेवतो. पहिली, दर वर्षी उत्सवाच्या आधी महाजन कुटुंबांतील व गावातील सहा वर्षांखालील मुलांची कान, डोळे व वाढ यांची तपासणी अग्रशाळेत व्हावी. आपले कितीतरी महाजन डॉक्टर आहेत. एक दिवसाची सेवा ते आनंदाने देतील. दुसरी, अग्रशाळेची एक खोली महिन्यातून एकदा अशा मुलांच्या आईवडिलांना एकत्र बसण्यासाठी मिळावी. एकट्याचे दुःख असह्य होते; चार जण भेटले की त्यातून मार्ग निघतो. तिसरी, संस्थान दर वर्षी प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यांचा गौरव करते, ते योग्यच आहे. त्याच निधीतून, उपचारासाठी शहरापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबाला, नाव जाहीर न करता, प्रवासखर्च द्यावा. वाचाशिक्षण अनेकदा अर्ध्यावर तुटते ते उपचाराच्या खर्चापेक्षा बसभाड्याने आणि बुडालेल्या रोजाने. चौथी सूचना खर्चाची नाही. या मुलांना उत्सवात सेवा द्या. फुले निवडणे, समई पुसणे, पालखीपुढे चवरी धरणे. ज्या मुलाला ताशा-दारूकामाचा आवाज सोसवत नाही, त्याच्या कुटुंबाला सकाळच्या शांत वेळी दर्शन घेता यावे. देवाच्या दारी ज्याला जागा मिळाली, त्याला समाजात जागा नाकारणे कठीण जाते.

तुम्ही विचाराल, त्या मुलाचे पुढे काय झाले? औषधोपचार झाले, नंतर शस्त्रक्रिया झाली आणि बरेचसे ऐकू येऊ लागले. पण मधली वर्षे भरून आली नाहीत. नववीनंतर त्याने शाळा सोडली. आज त्याचे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान आहे, हाताखाली दोन माणसे आहेत. तो सुखी आहे. पण वही-पुस्तकाशी त्याचे कधी जमले नाही, आणि त्यात माझा वाटा आहे हे मी जाणतो. मी निवृत्त होण्याच्या थोडे आधी तो आपल्या लहान मुलीला बालवर्गात घालण्यासाठी शाळेत घेऊन आला. फॉर्म माझ्या हाती देताना म्हणाला, "मास्तर, आधी हिचे कान तपासून घेतले. बरे आहेत." आणि क्षणभर थांबून म्हणाला, "तरी पण हिला पुढेच बसवा."

मी तिला पहिल्या रांगेत बसविले. आपल्या प्रत्येक घरातील प्रत्येक मुलाला, त्याला जे बळ कमी पडत असेल ते पाहून, योग्य त्या रांगेत बसविण्याची बुद्धी श्रींनी आपणा सर्वांना द्यावी, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.